पेडल दाबणारीची बाजू

“बाबा, तुमची गाडी थांबते का?”

हा प्रश्न माझा नाही. मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीमागे माझ्या दोन जिवलग मैत्रिणींनी तो मला पैजेवर दिला. अटी अशा की, प्रश्न आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्येच विचारायचा, एक तरी शेजारी हजर हवा, आणि विचारताना हसायचं नाही. पहिल्या दोन अटी म्हणजे अटीच नव्हेत. आमच्याकडे कुणी गाडीचं बॉनेट उघडलं की शेजारी हजर होत नाहीत, ते जमिनीतून उगवतात. तिसऱ्या अटीसाठी मी जीभ दातांखाली धरली.

बाबा पुढच्या चाकाशी उकिडवे बसले होते. ते सावकाश उठले, फडक्याला हात पुसले आणि ऑफिसच्या आवाजात म्हणाले, “थांबते.”

“आपली आपण थांबते, की काही आडवं आल्यावर?”

हा उपप्रश्न मात्र माझा होता. पैज मी जिंकले, पण बाबा दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत माझ्याशी आईमार्फत बोलत होते.

आडवं काय आलं होतं ते सांगते. सेक्रेटरीकाकांच्या कुंड्या. फाटकाजवळ ओळीने मांडलेल्या, प्रत्येकीवर झाडाचं नाव रंगवलेलं. नवे ब्रेक बसवल्यावर बाबांनी गाडी पार्किंगमधल्या पार्किंगमध्ये ‘जरा पुढे घेऊन’ बघितली. गाडी पुढे गेली, आणि मग जातच राहिली. जोरात नाही हं. एखादी वयस्कर बाई फिरायला निघावी तशी, शांतपणे, कुणालाही धक्का न लावता. आत बाबा शिलाई मशीन चालवल्यासारखा पाय मारत होते. शेवटी त्यांनी हातब्रेक ओढला, पण तोवर दोन कुंड्या कामी आल्या होत्या. हे सगळं डब्याने तळमजल्याच्या खिडकीतून पाहिलं. डबा ही माझी मैत्रीण. तिच्या दप्तरात पुस्तकं कमी आणि खाऊ जास्त असतो, म्हणून डबा. दुसरी लांबी. ती का लांबी, ते सांगायला नको.

पण या दोघींनी नुसती थट्टा म्हणून प्रश्न दिला नव्हता. आम्ही तिघी म्हणजे शाळेचा वादविवादाचा संघ. येत्या रविवारी अंतिम फेरी, तीही डोंगरापलीकडच्या शाळेत. रविवारी तिकडे बस नाही. रस्ता अर्धा चढ आणि अर्धा असा उतार की सायकलवालेही उतरून चालतात. पालकसभेत बाईंनी विचारलं, “मुलींना कोण घेऊन जाईल?” तेव्हा बाकीचे पालक आपापल्या चपला न्याहाळत असताना आमचे बाबा उभे राहिले आणि म्हणाले, “माझी गाडी आहे.” त्यावर बाईंनी गोड आवाजात सांगून ठेवलं की ऐनवेळी सोय झाली नाही, तर दुसऱ्या तुकडीचा संघ जाईल, त्यांच्या गाडीचं पक्कं आहे.

आता माझी गोष्ट. सातवीपर्यंत मी हजेरीला ‘हजर’ म्हटलं तरी ते पहिल्या बाकापर्यंत पोचत नसे. बाई गैरहजेरी लावून मोकळ्या व्हायच्या आणि मी मान खाली घालून हजर बसायची. यंदा मला कंठ फुटलाय. घरच्यांच्या मते गरजेपेक्षा बराच जास्त फुटलाय. विषयही आम्हाला फर्मास आला होता: ‘यंत्रांनी माणसाला आळशी केले आहे.’ आम्ही अनुकूल बाजूने बोलणार होतो. आमच्या घरातल्या यंत्राने एका माणसाला इतकं कामाला लावलं होतं की मला माझ्याच मुद्द्यांची लाज वाटायला लागली होती, ते सोडा. पण इतक्या उशिरा फुटलेला कंठ एका मऊ पेडलपायी पुन्हा मिटवायची माझी तयारी नव्हती.

मुळात गाडीला हात लावण्याचा बाबांना अधिकार काय, असं कुणी विचारेल. आईने विचारलं होतं. बाबा विमा कंपनीत आहेत. ठोकलेल्या गाड्यांचे दावे त्यांच्याकडे येतात आणि चूक कोणाची, हे ते ठरवतात. वीस वर्षांत ती एकदाही कंपनीची निघालेली नाही. रोज इतक्या मोडक्या गाड्या बघून आपल्याला गाड्यांतलं कळतं, असा त्यांचा समज झालाय.

“रोज अंत्ययात्रेला जाणाऱ्याने स्वतःला डॉक्टर म्हणवून घेऊ नये,” आई म्हणाली. आई हॉस्पिटलमध्ये नर्स आहे. तिच्या उपमा तिकडूनच येतात.

गॅरेजवाला म्हणाला होता की पुढचे ब्रेक संपलेत, सगळंच बदलावं लागेल, गाडी दोन दिवस ठेवून जा. दोन दिवस हे शब्द बाबांना लागले. “चार बोल्टचं काम आहे,” ते म्हणाले. मग त्यांनी एक व्हिडिओ शोधून काढला. त्यात पांढरा शर्ट घातलेला एक माणूस मागे संगीत चालू असताना दोन्ही चाकांचे ब्रेक बदलतो आणि शर्ट शेवटपर्यंत पांढराच राहतो. बाबांनी तो तीनतीनदा बघितला. शर्टाबद्दल आईने वेळीच शंका घेतली आणि त्यांना जुना घालायला लावला, एवढीच काय ती त्या दिवसातली दूरदृष्टी.

या कामात मला नेमलं होतं पेडलवर. ब्रेकचं शास्त्र मी थोडक्यात सांगते, कारण आता ते मला झोपेतही सांगता येतं. आपण पेडल दाबलं की नळीतलं तेल पुढे ढकललं जातं, ते चाकाजवळच्या कॅलिपरमध्ये जातं, आणि कॅलिपर म्हणजे लोखंडी चिमटा, तो चाकाची तबकडी गच्च धरतो. पण तेलात हवा शिरली तर पायाचा सगळा जोर हवा चेपण्यात जातो. चाकाला निरोपच मिळत नाही. म्हणून नवे कॅलिपर बसवल्यावर आतली हवा काढावी लागते. त्यासाठी कॅलिपरला एक छोटा स्क्रू असतो. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने स्क्रू उघडायचा, नळीतून तेल आणि हवा बाटलीत येते, स्क्रू बंद करायचा, मग पेडल सोडायचं.

“दाब,” बाबा खालून म्हणायचे. मी दाबायची.

“धर.” मी धरायची.

“सोड.” मी सोडायची. गृहपाठ, मुद्दे, मैत्रिणी, सगळं सोडून मी तो अख्खा दिवस दाब, धर, सोड केलं. पेडल काही घट्ट होईना. गादीत पाय रुतावा तसा पाय आत जायचा, थेट तळाला. मी तसं सांगितलं तर बाबा म्हणाले, “नवं आहे ना. नवे बूट चावतात, नवे ब्रेक मऊ असतात. होईल सवयीने.”

सवयीने काय झालं ते कुंड्यांना विचारा.

यानंतर या कहाणीत अनुभवकाका येतात. ते आमच्या समोरच्या दारातले. पूर्वी पाणीपुरवठा खात्यात होते. त्यांचं प्रत्येक वाक्य ‘माझ्या अनुभवानुसार’ असं सुरू होतं, म्हणून अनुभवकाका. पैजेच्या वेळी हजर असलेले शेजारी ते हेच.

“माझ्या अनुभवानुसार,” ते म्हणाले, “पाइपात हवा अडली की तिला वेळ द्यावा लागतो. घाई केली की हवा बिथरते.”

“मग काय करू?” बाबांनी विचारलं. बाबा सल्ला मागताहेत हे बघून मला जरा धसकाच बसला.

“पेडल दाबून ठेवा रात्रभर. सीट आणि पेडलच्या मध्ये काठी अडकवा. हवा आपोआप वर टाकीत येते. सकाळी बघा, दगडासारखं पेडल.”

काठी म्हणून आमच्या जाळ्या काढायच्या झाडूचा दांडा कापण्यात आला. सकाळी बाबांनी मोठ्या आशेने दांडा काढला आणि चावी फिरवली. गाडीतून हूं की चूं आलं नाही. पेडल दाबलेलं असलं की मागचे लाल दिवे लागतात, ही गोष्ट अनुभवात बसत नव्हती म्हणून राहून गेली होती. ब्रेक चाकाला धरत नव्हते, पण ब्रेकचा दिवा मात्र रात्रभर इमानेइतबारे जळत राहिला आणि बॅटरीचा जीव घेऊनच विझला.

“आता दोन रोग झाले,” आई म्हणाली. “आणि घरात झाडू नाही.”

त्याच दिवशी सोसायटीचं पत्र आलं. वाहनतळात वाहनदुरुस्तीस सक्त मनाई असून सदर सभासदांकडून सदर नियमाचा भंग होत आहे, वगैरे. त्यात कुंड्यांचा उल्लेख ‘सोसायटीची हरित संपत्ती’ असा होता. बाबांना पत्राचं दुःख नव्हतं, भाषेचं होतं. अशी पत्रं लिहिणं हा त्यांचा प्रांत. त्यांनी संध्याकाळ घालवून दीड पानी उत्तर लिहायला घेतलं.

“कशाला एवढं?” आई म्हणाली. “एका ओळीचं काम आहे. दुरुस्ती म्हणजे ज्यानंतर वस्तू चालते. इथे तसं काहीही घडलेलं नाही, सबब नियम लागू होत नाही.”

बाबांनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी नियम पुन्हा वाचला आणि त्यांचा चेहरा उजळला. मनाई वाहनतळात होती. फाटकाबाहेर नव्हती.

चार जणांनी गाडी ढकलत बाहेर काढली. आत बसून हातब्रेक सांभाळायला मी. ढकलणारे जोरात होते आणि थांबवणारी मी एकटीच, त्यामुळे जो थरार झाला त्याचं वर्णन करत बसत नाही, उरलेल्या कुंड्या वाचल्या एवढं सांगते. गाडी झाडाखाली सावलीत लावली. सकाळी पाहतो तर पुढच्या चाकाला पिवळा जॅमर. झाडाच्या बुंध्याला लावलेली ‘येथे वाहने उभी करू नयेत’ ही पाटी फांदीआड होती. जिला थांबता येत नव्हतं तिला आता हलता येईना.

वाहतूक खात्यात बाबांबरोबर मी गेले, कारण शाळा अर्ध्या दिवसाची होती आणि हे दृश्य चुकवायची माझी इच्छा नव्हती. खिडकीमागे चष्मा कपाळावर ढकललेल्या एक बाई होत्या.

“गाडी तिथे का लावलीत?”

“सोसायटीत दुरुस्ती चालत नाही.”

“म्हणजे रस्त्यावर दुरुस्ती करत होता?”

“नाही, नाही. दुरुस्ती झालेली आहे.”

“मग गाडी उभी का?”

बाबा थांबले. ते माणूस म्हणून थांबले तेवढी त्यांची गाडी थांबली असती तर आम्ही इथे नसतो. “बॅटरी उतरली,” ते म्हणाले.

“का उतरली?”

“ब्रेक दाबलेला राहिला.”

“कोणी दाबला?”

“झाडूने,” मी म्हणाले. बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

“हे बघा,” बाई म्हणाल्या, “परिस्थिती कशीही असो, चूक कोणाची ते आधी स्पष्ट झालं पाहिजे.” हे वाक्य मी ओळखते. बाबा फोनवर दिवसातून कितीतरी लोकांना ते ऐकवतात, अगदी याच आवाजात. वीस वर्षांनी ते फिरून घरी आलं होतं. बाबांनी दंड भरला.

“माणूस येईल, जॅमर काढेल. तो काढला की लगेच गाडी चालवत न्यायची.”

“चालवत?”

“मग काय कडेवर घेणार? ब्रेक नसतील तर तसं सांगा. बिनब्रेकच्या गाड्या वेगळ्या खिडकीवर.”

त्या वेगळ्या खिडकीची रांग जिन्यावरून खाली उतरून रस्त्यावर गेली होती. “ब्रेक आहेत,” बाबा म्हणाले.

मग अनुभवकाकांच्या गाडीला वायरी जोडून आमची गाडी जागी केली गेली. बाबांनी ती मुंगीच्या पावलांनी आत आणली, एक हात स्टिअरिंगवर, दुसरा हातब्रेकवर. पुढे मी चालत होते, दोन्ही हात पसरून, कारण वाटेत मांजर येतं. फाटकाशी सेक्रेटरीकाका कुंड्यांपुढे स्वतः उभे होते. आपला देह गेला तरी चालेल, असा एकूण भाव.

बाईंनी मला शाळेत विचारलं, “रविवारचं नक्की ना? नाहीतर मी त्यांना सांगते.” मी म्हणाले, “नक्की.” माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत गेला. पोटात मात्र सातवीचीच मी होते.

आणि मग इंजेक्शन आलं.

सेक्रेटरीकाकांना डॉक्टरांनी इंजेक्शनचा कोर्स दिलाय. दवाखान्यात जाण्यापेक्षा ते आमच्याकडे येतात, आई टोचून देते. सोसायटीचं दुसरं पत्र त्यांनी एका हाताने बाबांना दिलं आणि दुसऱ्या हाताची बाही वर केली.

“उजवा नको, काल उजव्यात दिलंत.”

“काल डाव्यात दिलं,” आई म्हणाली. “माझ्याकडे तोंड करून बसता ना, म्हणून तुम्हाला वाटतं मी उजव्या बाजूने आले.”

काका मनात हात मोजत बसले. आईने औषध भरलं, सिरिंज उभी धरली, सुई वर. नखाने टिचकी मारली. आत चिकटलेला बुडबुडा सुटला, वर सरकत सुईपाशी गेला, आणि आईने दट्ट्या जरासा दाबताच निघून गेला.

मी हे लहानपणापासून बघते आहे. पण त्या दिवशी मी त्या बुडबुड्याकडे दाब-धर-सोड करून दुखणाऱ्या पायाने बघत होते.

“आई, सुई खाली धरून हवा काढली तर?”

“नाही निघणार. औषध वाया जाईल. हवा वर जाते, तिला बाहेरची वाट वरच द्यायला हवी.”

मी टॉर्च घेऊन खाली पळाले आणि गाडीपुढे जमिनीवर पालथी पडले. स्क्रू खाली होता. कॅलिपरच्या अगदी तळाला. डावीकडे खाली, उजवीकडेही खाली. आम्ही अख्खा दिवस तेल काढत होतो आणि हवा वरच्या मजल्यावर पाय पसरून बसली होती.

बाबांना बोलावलं. बाबांबरोबर अनुभवकाका आपोआप आले.

“बाबा, स्क्रू खाली आहे. हवा वर असते. ती निघणारच नाही.”

“तो तसाच असतो,” बाबा म्हणाले. “बाळा, तू पेडलकडे लक्ष दे.”

“माझ्या अनुभवानुसारही खालीच असतो,” अनुभवकाका म्हणाले.

काकांची गाडी आमच्या गाडीच्याच कंपनीची, शेजारीच उभी. मी तिच्याखाली शिरले. “तुमचा वर आहे, काका.”

“माझं मॉडेल जुनं आहे.”

मी कपडे झटकले. वादविवादात बाईंनी शिकवलंय की समोरच्याला खोटं पाडायचं नाही, त्यालाच उत्तर द्यायला लावायचं.

“बाबा, कॅलिपरवर डावा-उजवा असं लिहिलं होतं का?”

“खोक्यावर होतं. मी नीट बघून लावलेत.”

“लावताना तुम्ही कुठे होतात?”

“कुठे म्हणजे? गाडीसमोर.”

“मग इथूनच गाडीची डावी बाजू दाखवा.”

बाबांनी डावा हात उचलला आणि डावीकडच्या चाकाकडे बोट केलं. मग ते बोट हवेत तसंच राहिलं. त्यांनी गाडीकडे पाहिलं. गाडीचं तोंड त्यांच्याकडे होतं, म्हणजे तिची डावी ती त्यांची उजवी.

डावा कॅलिपर उजवीकडे लागला होता, उजवा डावीकडे, आणि म्हणून दोघांचेही स्क्रू तळाला गेले होते. वीस वर्षं बाबांनी गाड्या पाहिल्या त्या फोटोत, समोरून, नाक चेपलेल्या. फोटोतली डावी ती डावी. त्या गाड्यांकडे ड्रायव्हरच्या जागेवरून बघायची त्यांच्यावर कधी वेळच आली नव्हती. मला क्षणभर त्या सगळ्या अनोळखी लोकांचं वाईट वाटलं, ज्यांची डावी बाजू बाबांनी उजवी ठरवून दावा परत पाठवला असेल.

“बनवणाऱ्यांनी असे आकारच द्यायला नकोत,” अनुभवकाका म्हणाले, “की जे दोन्हीकडे बसतात.”

कॅलिपर अदलाबदल करायला परवानगी हवी होती. दुसऱ्या पत्रात दंडाचीही धमकी होती. ते काम आईने इंजेक्शन देता देता केलं. “दुरुस्ती नाही हो, तपासणी आहे,” ती सुई हातात घेऊन म्हणाली. “सैल सोडा दंड. आखडलात की दुखतं.” सेक्रेटरीकाकांनी सुईकडे पाहिलं आणि तपासणीला सोसायटीची हरकत नाही, असं तोंडी कळवलं.

शनिवारी चाकं निघाली, डाव्याचा उजवा झाला, उजव्याचा डावा. स्क्रू वर आले. मी पान्याला हात घातला.

“दे इकडे,” बाबा म्हणाले, “तू पेडलवर बस.”

“मी खाली बसते. तुम्ही दाबा.”

“तुला त्यातलं काय कळतंय?”

आई पायरीवर चहा घेत बसली होती. ती म्हणाली, “अहो, बसा ना पेडलवर. जरा सावली आहे आत.”

बाबा बसले. मी जमिनीवर, हातात पाना, नळीचं टोक बाटलीत.

“दाबा,” मी म्हणाले. मी स्क्रू उघडला आणि नळीतून बुडबुड्यांची अख्खी मिरवणूक निघाली. इतके दिवस अडकलेली मंडळी, मोठे, छोटे, एकमेकांना ढकलत बाहेर.

“धरा.” मी स्क्रू बंद केला.

“सोडा.”

“सोडलं,” बाबा आतून म्हणाले, अगदी माझ्याच आवाजात.

दोन्ही कॅलिपरमधली हवा निघाली, नुसतं तेल यायला लागलं. मी म्हणाले, “दाबा.” मी डोकं वर काढलं. बाबा पेडलकडे बघत होते. “दगड आहे,” ते हळूच म्हणाले.

त्यांनी गाडी पार्किंगमध्ये पुढे नेली, थांबवली. मागे नेली, थांबवली. कुंड्यांच्या एक हात अलीकडे मुद्दाम थांबवली. सेक्रेटरीकाकांनी डोळे मिटून घेतले होते, ते उघडले. शेजारी उगवले. आणि मग बाबा, हात पुसत, ऑफिसच्या आवाजात म्हणाले, “मूळ दोष वेगळाच होता. दुकानदाराने खोकीच उलटसुलट दिली होती. मी बारकाईने तपासलं, तेव्हा लक्षात आलं.”

“माझ्या अनुभवानुसार दुकानदार असंच करतात,” अनुभवकाका म्हणाले.

मी हातातल्या बाटलीकडे बघत उभी राहिले. आईने माझ्याकडे पाहिलं आणि चहाचा कप जरा जोरात ठेवला.

संध्याकाळी डब्याच्या आईने मला जिन्यात गाठलं. “खरं सांग हं, थांबते ना? माझी एकच मुलगी आहे.”

“थांबते, काकू. स्क्रू मी बंद केलेत.”

“तू केलेस? मग पाठवते.” त्या निर्धास्त होऊन निघून गेल्या. वरच्या वळणावर बाबा दुधाची पिशवी घेऊन उभे होते. त्यांनी ऐकलं. मग पिशवी या हातातून त्या हातात घेऊन ते पुढे वर चढले.

रविवारी उतार लागला तेव्हा मागे बसलेल्या लांबी आणि डबा यांचं पाठांतर बंद पडलं. पहिल्याच वळणावर समोर एक ट्रक थांबलेला. बाबांनी पाय ठेवला. गाडी थांबली. आपली आपण थांबली, ट्रकला न टेकता. लांबीने मागून माझ्या खांद्याला हळूच चिमटा काढला, म्हणजे पैजेच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. बाबा रस्त्याकडे बघत म्हणाले, “पेडल छान झालंय.” मी उरलेल्या वाक्याची वाट पाहिली. डोंगर उतरून संपला तरी ते आलं नाही.

आम्ही दुसऱ्या आलो. परीक्षक म्हणाले, मुद्दे ठीक, पण आवाज खणखणीत. मला आवाजाचंच बक्षीस हवं होतं.

रात्री जेवताना बाबा खुशीत होते. त्यांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं आणि म्हणाले, “आता पुढच्या महिन्यात मागचे ब्रेक. तेही झिजलेत. चार बोल्टचं काम.”

आईचा हात भांड्यावर थांबला. मी पाणी प्यायले आणि खुर्ची मागे सरकवून उभी राहिले, स्पर्धेत उभी राहते तशी, हात बाजूला, नजर शेवटच्या रांगेवर.

“आई, बाबा, माझं ठरलंय,” मी म्हणाले. “मागचे ब्रेक मी बसवणार. बाबा, तुम्ही पेडलवर. दाबा म्हटलं की दाबायचं, सोडा म्हटलं की सोडायचं. आणि खाली शेजारी जमले की चूक कोणाची, ते मी सांगणार.”